चालतंय की!

"चालतंय की, ताई!"

बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत, एका अंगानं शिरावं लागतं अशा दुकानात, पाच मिनिटांत हे वाक्य मी चौथ्यांदा ऐकत होते. काका प्रत्येक वेळी नवं खोकं उघडायचे, पिन माझ्या फोनला लावायचे, हेडफोनची एक वाटी कानाशी दोन सेकंद धरायचे आणि निकाल द्यायचे. आवाज आला म्हणजे चाललं. त्यांच्या दृष्टीनं प्रश्न मिटलेला असायचा. माझा तिथून सुरू व्हायचा.

माझं काम मुलाखतींच्या शब्दांकनाचं. बोलणारा शांत असेल तर तासाभराचं रेकॉर्डिंग चार तासांत उतरतं. दोघं एकदम बोलणारे असले, मागे मिक्सर चालू असला, तर दिवस जातो. रेकॉर्डिंग फोनवर आलेलं असतं आणि मी फोनवरच ऐकते, टाइप मात्र लॅपटॉपवर करते. म्हणून हेडफोननं तीन गोष्टी कराव्यात एवढीच माझी अपेक्षा. चष्म्यावरून चार तास घालता यावा. फोनला हात न लावता वायरीवरच्या बटणानं आवाज थांबवता आणि परत सुरू करता यावा. आणि मध्येच कुणाचा फोन आला तर तो तिथूनच घेता यावा, समोरच्याला माझं बोलणं नीट ऐकू जावं. फार नाही मागत. पण काकांच्या चौथ्या खोक्यापर्यंत या तिन्ही गोष्टी एकत्र सापडल्या नव्हत्या.

खरं तर मी दुकानात आले होते ती जुन्या हेडफोनची तक्रार घेऊन. भावाच्या ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं पडलेला, माइक असलेला हेडफोन मी आदल्या दिवशी फोनला लावला आणि एका निवृत्त शिक्षिकेची दोन तासांची मुलाखत सुरू केली. फोनवरची पट्टी पुढे सरकत होती, आवाज शून्य. फाइल गेली म्हणून पोटात गोळा आला. गाणं लावून बघितलं तर ते वाजलं, पण विचित्र. व्हायोलिन होती, तबला होता, सभागृहाचा घुमारा होता, आणि गायिका तेवढी उठून बाहेर गेलेली. हेडफोन काढता काढता अंगठा वायरीवरच्या बटणावर दाबला गेला आणि गायिका परत आली. सोडला, गेली. पुढचा अर्धा तास मी डाव्या हातानं बटण दाबून धरून उजव्या हाताच्या एका बोटानं मुलाखत टाइप केली.

काउंटरच्या टोकाला काकांचा भाचा सोल्डरिंग घेऊन बसलेला असतो. त्यानं हेडफोन हातातसुद्धा घेतला नाही, लांबूनच सांगितलं, "मागच्या दोन रिंगा उलट्या आहेत, ताई."

पिन निरखून पाहिली तर तिच्यावर तीन काळ्या रेघा दिसतात. या रेघा तिचे चार भाग पाडतात. टोक डाव्या कानाचं, त्यामागची रिंग उजव्या कानाची. उरलेल्या दोन भागांपैकी एक माइकचा आणि एक ग्राउंडचा, म्हणजे दोन्ही कानांच्या विजेचा परतीचा रस्ता. यातलं पुढे कोण आणि मागे कोण, यावर फोन बनवणाऱ्यांचं सुरुवातीला एकमत नव्हतं. जुन्या नोकिया फोनांच्या काळात माइक पुढे आणि ग्राउंड बुडाशी अशी एक रीत होती. आयफोननं उलटी रीत धरली आणि हळूहळू बाकीचे तिच्या मागे गेले. पिनेची जाडी तीच, साडेतीन मिलिमीटर, त्यामुळे ती भोकात बसते मात्र बिनतक्रार.

जुन्या रीतीचा हेडफोन नव्या फोनला लावला की परतीचा रस्ता तुटतो. मग वीज डाव्या कानातून उजव्या कानाकडेच जाते, आणि दोन्ही बाजूंना जे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं. उरतो तो दोन्ही बाजूंतला फरक. गाण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये गाणाऱ्याला बहुधा मधोमध ठेवलेलं असतं, म्हणजे दोन्हीकडे सारखंच. म्हणून गायिका गेली आणि कडेला बसवलेली वाद्यं राहिली. मुलाखत एकाच माइकवर घेतलेली, ती पूर्णच सारखी. तिच्यातलं काहीच उरलं नाही. बटण दाबलं की हेडफोनमधला माइक आणि ग्राउंड जोडले जातात, रस्ता परत जुळतो. "चार टाके द्यायचे, झालं," भाचा म्हणाला. पण त्या हेडफोनच्या गाद्यांचा पार भुगा झाला होता, आणि माझ्या कानांमागे दोन्ही बाजूंना काळे कण चिकटले होते. तो तसाच परत पिशवीत गेला.

त्या काळ्या कणांचंही कारण आहे. कानावरच्या गाद्यांचं कव्हर चामड्याचं वाटतं, पण असतं पॉलियुरेथेनचं, आणि दमट हवेत पाणी त्याच्या रेणूंचे धागे हळूहळू तोडत जातं. वापरा की न वापरा, ते व्हायचंच. पुण्यात काही वर्षं टिकलेली गादी मुंबईत किंवा कोकणात त्याआधीच सोलपटू लागली तर नवल नाही. म्हणून हेडफोन बघताना मी आता आधी गादी ओढून बघते, निघते का. निघत असेल तर नवी मिळते. चिकटवलेली असेल तर गाद्यांबरोबर हेडफोनही गेला.

बटणांची कथा वेगळी. "हे बघा, दाबलं की थांबतंय," असं म्हणून काकांनी मधलं बटण दाबून दाखवलं. थांबलं. मी आवाज वाढवायचं बटण दाबलं. काहीच नाही. भाच्यानं मल्टिमीटर पुढे ओढला आणि बटण दाबून मला आकडा दाखवला. एवढ्या सगळ्या बटणांसाठी वेगळी वायर नसतेच, सगळं त्या माइकच्या एकाच वायरीवर चालतं. अँड्रॉइड फोन नुसता अडथळा मोजतो: जवळजवळ शून्य ओहम आले तर थांब, 240 च्या आसपास आले तर आवाज वाढव, 470 च्या आसपास आले तर कमी कर. आयफोनसाठी बनवलेल्या हेडफोनमध्ये मधल्या बटणाचं तत्त्व हेच, पण आवाजाच्या बटणांचा इशारा निराळा, तो अँड्रॉइडला कळत नाही. म्हणून एकच हेडफोन एका फोनवर पूर्ण चालतो, दुसऱ्यावर एक तृतीयांश. खोक्यावर मात्र दोन्हीकडे 'सर्व स्मार्टफोनसाठी' असंच छापलेलं असतं, आणि ते कायद्याच्या भाषेत बहुधा खोटंही नसावं.

यात आणखी एक भानगड म्हणजे इथवर सगळं चाललं ते माझ्या जुन्या फोनवर; नव्या फोनला पिनेचं भोकच नाही. 2016 मध्ये आयफोन 7 मधून ते गेलं, तेव्हा हसणाऱ्या कंपन्यांनीही नंतर आपापलं भोक बुजवलं. गंमत अशी की 2007 च्या पहिल्या आयफोनमध्ये भोक होतं, पण इतकं आत दाबलेलं की अनेक हेडफोनच्या जाड पिना त्यात शिरायच्याच नाहीत. आता चार्जिंगच्या जागी लावायचा कनेक्टर लागतो. काकांकडे अशा कनेक्टरांनी बरणी भरलेली होती, लिमलेटच्या गोळ्यांसारखी. दिसायला सगळे सारखे, किंमत मात्र दुप्पट-तिप्पट वेगळी.

स्वस्तातला लावला. फोन ढिम्म. काका पहिल्यांदाच 'चालतंय की' म्हणाले नाहीत. स्वस्त कनेक्टरमध्ये नुसत्या तारा असतात; फोननं स्वतःच आतून गाण्याची वीज बाहेर सोडली तर ते उपयोगी. माझा फोन आकडे बाहेर सोडतो. त्या आकड्यांची वीज करणारी चिप कनेक्टरमध्येच हवी. महागातल्यात ती नखाएवढी चिप होती. तो लावला आणि आवाज आला, बटणंही चालली. मी काकांना सांगितलं की दोन्ही कनेक्टर एकाच बरणीत ठेवू नका. ते म्हणाले, "मला हाताला कळतं."

त्यांना खरंच कळत असावं. मला नाही.

तोवर त्यांनी बिनवायरीचा काढला होता. पिन नको, भोक नको, कनेक्टर नको. गाणं लावलं तर तानपुऱ्याची जवारी इतकी मोकळी ऐकू आली की मी पाकिटाकडे हात नेला. मग म्हटलं, फोनवर बोलून बघू. काकांनी माझ्याच फोनवरून एक नंबर लावला. "हं, ऐकू येतंय का? काही नाही, टेस्टिंग." हेडफोन माझ्या डोक्यावर. पलीकडून बाईंचा आवाज आला, तो डालड्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा.

ब्लूटूथमध्ये गाण्यासाठी एक वाट आहे, ती एकाच दिशेची आणि ऐसपैस. बोलणं दोन्ही दिशांनी न्यावं लागतं. माइक उघडला की फोन दुसऱ्या, अरुंद वाटेवर उतरतो. त्या वाटेच्या जुन्या प्रकारात आवाजाचे सेकंदाला 8 हजारच नमुने घेतले जातात, सुधारलेल्या प्रकारात 16 हजार. गाण्याच्या सीडीवर 44 हजार 100 असतात. वर स्टिरिओ जाऊन एकच मार्ग उरतो. हेडफोन कितीही महाग असो, ही उतरण ठरलेली. 2020 मध्ये ब्लूटूथची नवी पद्धत जाहीर झाली, तिच्यात ही अडचण कमी होते, पण त्यासाठी फोन आणि हेडफोन दोघांनाही ती यायला हवी. शिवाय थांबवायचं बटण दाबल्यावर बिनवायरीचा क्षणभर उशिरा थांबायचा. गाणं ऐकणाऱ्याला ते जाणवणारही नाही. माझा मात्र दर वेळी एक शब्द पुढे निघून जात होता, आणि दिवसाला असे शब्द हजारभर तरी होतात.

वायरीचाच घ्यायचा हे ठरलं, आणि इथून पुढचं काम कानांचं नव्हतं, डोक्याचं होतं. हाडामांसाच्या.

दुकानात कोणताही हेडफोन दोन मिनिटं छानच वाटतो. खरा प्रकार विसाव्या मिनिटाला कळतो. चष्म्याची काडी आणि हेडफोनची गादी यांच्यामध्ये कानाची कूर्चा सापडते, आणि आधी गरम, मग जड, मग ठणकत जाते. कानावर बसणारे छोट्या वाट्यांचे हेडफोन चष्मेवाल्यांसाठी जवळजवळ बादच. कानाभोवती बसणारे बरे, पण त्यांची गादी उथळ असेल तर कानाची पाळ आतल्या जाळीला घासते. पकड सैल असेल तर मान खाली घातली की हेडफोन कीबोर्डवर. घट्ट असेल तर कपाळाच्या दोन्ही बाजू बोलायला लागतात. काडीमुळे गादीला फट पडते ती वेगळीच: त्या फटीतून खर्ज गळून जातो, आवाज पत्र्यासारखा होतो, आणि आपण कंपनीला नावं ठेवतो.

"काका, मला अर्धा तास घालून बसू द्या."

त्यांनी भाच्याकडे बघितलं, भाच्यानं स्टूल दिलं. पुण्याच्या दुकानदारांबद्दल जे बोललं जातं ते माझ्या वाट्याला त्या दिवशी आलं नाही हे नमूद करते, चहाही आला. चहाबरोबरच्या बिस्किटानं एक परीक्षा आयती झाली. चावताना जबडा हलतो, कानाखालचा खळगा वरखाली होतो आणि वाईट बसलेली गादी प्रत्येक घासाला हवा सोडते. पहिला हेडफोन बिस्किटातच नापास झाला. दुसरा अकराव्या मिनिटाला टोचला. तिसरा दिसायला सगळ्यात साधा, काळा, खोलगट गाद्यांचा. काकांच्या कुरिअरच्या काट्यावर तो 240 ग्रॅम भरला. म्हणजे पाव किलो भेंडी डोक्यावर, पण पट्टी रुंद असल्यानं भार एका जागी बसत नव्हता. 32 ओहमचा होता, फोनला पेलवण्यासारखा. स्टुडिओतले काही हेडफोन 250, 300 ओहमचे असतात. ते फोनला लावले की आवाज लांबून आल्यासारखा येतो आणि आपण पट्टी शेवटापर्यंत ढकलतो.

ती पट्टी हाही माझ्या धंद्यातला धोका. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला 40 तास, तीही 80 डेसिबलपर्यंत. आवाज तीनच डेसिबलनं वाढवला तर तास निम्मे होतात. बाहेर रिक्षा, डोक्यावर पंखा, आणि मुलाखतीतली आजी पुटपुटणारी. बोट आपोआप वर जातं. बंद वाट्यांचा, नीट बसणारा हेडफोन बाहेरचं थोडं अडवतो, मग पट्टी निम्म्यावर पुरते. नीट बसणं हे नुसतं सुखासाठी नसतं.

तीस मिनिटं झाली तेव्हा मला डोक्यावर काही आहे हे आठवावं लागलं. वायर सुटी होणारी होती. भाच्यानं तीन बटणांची, माइक असलेली वायर काढून दिली आणि मल्टिमीटरवर तिन्ही बटणं मोजून दाखवली. मग काकांनी पुन्हा माझ्या फोनवरून तोच नंबर लावला. "हं, काही नाही, टेस्टिंग." या वेळी बाई माझ्या शेजारी बसल्यासारख्या बोलल्या. "चालतंय," म्हणाल्या आणि ठेवून दिला. दिवसभरात किती अनोळखी नंबरांवरून त्यांना हे सांगावं लागत असेल, देव जाणे.

रात्री साडेनऊला मी शिक्षिकाबाईंची मुलाखत परत पहिल्यापासून लावली. आता मागचा कावळाही ऐकू येत होता, आणि त्यांच्या बांगड्या टेबलावर टेकत होत्या तेसुद्धा. चाळिसाव्या मिनिटाला फोन वाजला. अनोळखी नंबर. टाइप करता करता वायरीवरचं मधलं बटण दाबलं.

"ताई, दुपारी या नंबरावरून फोन होता," बाई म्हणाल्या. "अजून दुकानातच आहेत का हो हे? पोळ्या गार झाल्या."