दहा मिनिटांची विद्या

इस्पितळातील रुग्णाच्या आजाराला बहुधा नाव मिळालेले असते. फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात मात्र माणूस केवळ एक तक्रार घेऊन येतो. ‘थकवा वाटतो’, ‘डोके दुखते’, ‘झोप लागत नाही’. या साध्या शब्दांमागे कधी किरकोळ दुखणे असते, कधी घरातील चिंता, तर क्वचित एखादा गंभीर विकार दबा धरून बसलेला असतो. हा भेद ओळखण्याचे शिक्षण केवळ ग्रंथांतून मिळत नाही; ते दवाखान्यातच घ्यावे लागते. ब्रिटनने या शिक्षणाची बसवलेली घडी म्हणूनच समजून घेण्याजोगी आहे.

तेथे १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि परिसरातील जनरल प्रॅक्टिशनर, म्हणजेच जी.पी., हा या सेवेचा उंबरठा ठरला. परंतु या कामासाठी स्वतंत्र प्रशिक्षण हवे, ही जाणीव रुजण्यास वेळ लागला. १९५२ मध्ये जी.पी. मंडळींनी आपले स्वतःचे कॉलेज स्थापन केले. पुढे १९८०च्या दशकाच्या प्रारंभी असे प्रशिक्षण सक्तीचे झाले. आज ते साधारणतः तीन वर्षांचे असते. त्यातील काही काळ इस्पितळात आणि उरलेला मान्यताप्राप्त दवाखान्यात, अनुभवी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जातो.

नवख्या डॉक्टरला आरंभी प्रत्येक रुग्णासाठी सुमारे अर्धा तास दिला जातो. हात बसेल तसा हा अवधी कमी होत दहा-पंधरा मिनिटांवर येतो. सत्र संपले की तपासलेल्या रुग्णांविषयी प्रशिक्षकाशी चर्चा होते. कधी रुग्णाच्या संमतीने संभाषणाचे चित्रीकरण करून ते दोघे मिळून पाहतात. रुग्ण महत्त्वाचे काही सांगत असताना आपली नजर संगणकाच्या पडद्यावर होती, हे ते चित्रण निर्विकारपणे दाखवून देते.

रॉजर नेबर या जी.पी.ने १९८७ मध्ये ‘द इनर कन्सल्टेशन’ या पुस्तकात अशा भेटीचे पाच टप्पे सांगितले. रुग्णाशी मन जुळवणे, त्याचे म्हणणे आपल्याला नीट समजले ना हे पडताळणे, उपचारांचा निर्णय त्याच्यासह घेणे आणि अंदाज चुकल्यास काय करायचे याची तजवीज ठेवणे, हे पहिले चार. पाचवा टप्पा डॉक्टरच्या स्वतःच्या मनाचा: पुढच्या रुग्णाला आत बोलावण्यापूर्वी आधीच्या भेटीचा ताण दूर सारणे.

यांतील चौथा टप्पा नवशिक्याला सर्वांत अवघड जातो. प्रत्येक डोकेदुखीसाठी महागड्या तपासण्या सांगता येत नाहीत आणि प्रत्येकीला क्षुल्लकही मानता येत नाही. ‘ही लक्षणे दिसली तर लगेच या, अमुक दिवसांत उतार पडला नाही तरी या’, असे नेमकेपणाने सांगणे हीसुद्धा चिकित्साच होय.

येथेच दवाखान्यातील वातावरणाचे मोल कळते. प्रशिक्षकाचे दार ठोठावून ‘मला हे समजले नाही, आपण पाहाल का?’ असे विचारण्याचा संकोच जेथे वाटत नाही, तेथे चूक वेळीच सावरली जाते. जेथे शंका विचारणे कमीपणाचे ठरते, तेथे नवशिका गप्प राहतो आणि त्याच्या मौनाची किंमत रुग्ण मोजतो. रुग्णांना वर्षानुवर्षे ओळखणारे स्वागतकक्षातील कर्मचारी, अनुभवी परिचारिका, चहाच्या वेळी सहज निघालेला विषय, हेही या शिक्षणातील गुरूच होत. दवाखान्यातील आपलेपणा ही केवळ सौजन्याची बाब नसून रुग्णाच्या सुरक्षिततेची तरतूद आहे.

ओळखीचे हे मोल संशोधनातही दिसते. २०१८ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात २२ अभ्यास तपासले गेले. त्यांपैकी १८ अभ्यासांत, सातत्याने त्याच डॉक्टरकडे जाणाऱ्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले.

या परंपरेत भारतीयांचाही वाटा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेल्सच्या खाणवस्त्यांत आणि उत्तर इंग्लंडच्या औद्योगिक नगरांत, जेथे स्थानिक डॉक्टर जाण्यास फारसे राजी नसत, तेथे भारतीय उपखंडातून गेलेल्या अनेक डॉक्टरांनी आयुष्यभर दवाखाने चालवले. आज भारतातही कौटुंबिक वैद्यक या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेता येते. घरातील तीन पिढ्यांची प्रकृती ठाऊक असलेला डॉक्टर आपल्याकडील अनेक कुटुंबांनी अनुभवला आहे. तो केवळ स्वभावाने घडत नाही. त्याला घडवावे लागते, आणि त्यासाठी शंका विचारू देणारा दवाखाना लागतो.