एप्रिलमधले सोळा गुण

कौंटी अजिंक्यपदाच्या हंगामातील पहिला सामना म्हणजे हिवाळ्यात आखडलेले हातपाय मोकळे करण्याचा एक रिवाज, असे मानण्याची इंग्लंडमध्ये जुनी परंपरा आहे. खरा हंगाम उन्हे पडू लागली की, मे-जूनमध्ये सुरू व्हायचा. त्याआधी जे घडे ते विसरून जाण्याजोगे समजले जाई आणि पहिल्या सामन्याच्या वृत्तात धावांपेक्षा थंडीचेच वर्णन अधिक असे. ही समजूत बाळगणे आता कोणालाच परवडणारे नाही. सॉमरसेटला तर मुळीच नाही.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील या कौंटीची कथा थोडी विलक्षण आहे. तिचा क्लब स्थापन झाला 1875 साली, आणि तोही स्वतःच्या भूमीवर नव्हे; शेजारच्या डेव्हन परगण्यातील सिडमथ या गावी. 1891 मध्ये सॉमरसेटला कौंटी अजिंक्यपद स्पर्धेत प्रवेश मिळाला. तेव्हापासून आजतागायत हे अजिंक्यपद त्यांना एकदाही मिळालेले नाही. ग्लॉस्टरशायर आणि नॉर्दम्प्टनशायर या दोन कौंट्या तेवढ्या या दुर्भाग्यात त्यांच्या सोबतीला आहेत. दीर्घकाळ ताटकळलेल्या ससेक्सने 2003 साली आपली प्रतीक्षा संपवली. 1992 मध्ये प्रथम श्रेणीत आलेल्या डरॅमने तर 2008, 2009 आणि 2013 अशी तीन विजेतेपदे पटकावली. सॉमरसेट मात्र दारापर्यंत जाते आणि परत फिरते. या शतकातच 2001, 2010, 2012, 2016, 2018 आणि 2019 अशा सहा वेळा ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले आहे.

या सहांपैकी काही प्रसंग मोठ्या फरकाचे होते, त्यांचे दुःख करण्याचे कारण नाही. 2010 आणि 2016 हे दोन हंगाम मात्र सॉमरसेटच्या चाहत्यांच्या मनातून जाणे शक्य नाही. 2010 साली हंगाम संपला तेव्हा सॉमरसेट आणि नॉटिंगहॅमशायर या दोघांचे गुण समान, 214 भरले. मग विजय मोजले गेले. नॉटिंगहॅमशायरचे सात, सॉमरसेटचे सहा. अखेरच्या दिवशी नॉटिंगहॅमशायरला मँचेस्टर येथे बोनस गुणांसाठी लँकेशायरचे तीन फलंदाज झटपट बाद करणे भाग होते आणि ते त्यांनी पाचव्या षटकातच साधले.

2016 चा शेवट तर याहून क्रूर होता. आपला अखेरचा सामना सॉमरसेटने नॉटिंगहॅमशायरविरुद्ध तीन दिवसांतच जिंकला. कर्णधार ख्रिस रॉजर्स याने निवृत्तीपूर्वीच्या त्या सामन्यात दोन्ही डावांत शतके ठोकली. आता करण्यासारखे काहीच उरले नव्हते. लॉर्ड्सवर मिडलसेक्स आणि यॉर्कशायर यांच्यात चाललेला सामना अनिर्णित राहिला असता, तर सव्वाशे वर्षांची प्रतीक्षा दुसऱ्या दिवशी खेळपट्टीवर पाऊलही न ठेवता संपली असती. पण त्या दोन्ही संघांना विजयच हवा होता. अनिर्णित सामन्याने त्यांपैकी कोणाचेच भले होणार नव्हते. म्हणून त्यांनी संगनमताने डाव सोडून 40 षटकांत 240 धावांचे लक्ष्य उभे केले. सायंकाळी टोबी रोलंड-जोन्सने हॅट्ट्रिक घेऊन यॉर्कशायरचा डाव संपवला आणि अजिंक्यपद मिडलसेक्सकडे गेले. नियमाबाहेर काही घडले नव्हते. परंतु आपले भवितव्य दीडशे मैलांवरच्या दोन कर्णधारांच्या सौद्यावर अवलंबून असणे म्हणजे काय, हे टाँटनच्या पॅव्हेलियनमध्ये बसलेल्या खेळाडूंनी त्या दिवशी अनुभवले.

अशा वेळी सप्टेंबरातील त्या अखेरच्या दिवसाचीच चर्चा होते, आणि ते स्वाभाविक आहे. नाट्य तेथेच असते. पण गुणांच्या हिशेबाला नाट्याची ओळख नसते. विजयाचे गुण सोळा. ते एप्रिलमध्ये मिळाले काय किंवा सप्टेंबरमध्ये मिळाले काय, तक्त्यावर त्यांची किंमत तीच. 2010 साली सबंध हंगामात आणखी एक विजय, कोणत्याही महिन्यातला, सॉमरसेटला पुरेसा होता. अखेरच्या सामन्यात हुकलेल्या झेलाची आठवण चाहते वर्षानुवर्षे जपतात. पहिल्या सामन्यात बधिर बोटांतून निसटलेला झेल मात्र जूनपर्यंत कोणाच्या लक्षातही राहत नाही.

पहिल्या सामन्याचे मोल वाढण्याचे दुसरे कारण म्हणजे बदललेले वेळापत्रक. 1980 साली प्रत्येक कौंटी अजिंक्यपदासाठी तीन-तीन दिवसांचे 22 सामने खेळत असे आणि ते सामने मेपासून सप्टेंबरपर्यंत उन्हाळाभर पसरलेले असत. त्याच वर्षी सुनील गावसकर सॉमरसेटकडून खेळले. वेस्ट इंडीजचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर असल्यामुळे व्हिव्ह रिचर्ड्स सॉमरसेटला मिळणार नव्हता. त्याच्या जागी मुंबईच्या या सलामीच्या फलंदाजाला बोलावण्यात आले. कांगा लीगच्या ओल्या खेळपट्ट्यांवर घडलेल्या फलंदाजाला इंग्लंडमधील ओलावा नवा असण्याचे कारण नव्हते. पण मुंबईचा पावसाळी ओलावा उबदार असतो, टाँटनचा गारठ्याचा, आणि बॅटच्या कडेला लागलेल्या चेंडूने हाताला बसणारी झिणझिणी कांगा लीगमध्ये शिकायला मिळत नाही. तरीही त्या काळात परदेशी खेळाडूला रुळण्यासाठी चार-सहा सामने मिळत. उन्हाळा लांब होता.

आता तो तसा राहिलेला नाही. 1993 पासून अजिंक्यपदाचे सर्व सामने चार दिवसांचे झाले, 2000 साली कौंट्यांची दोन गटांत विभागणी झाली, आणि आज वाट्याला सामने येतात ते 14. हंगाम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सुरू होतो आणि मे संपेपर्यंत यांपैकी जवळजवळ निम्मे सामने खेळून झालेले असतात. मधला सुगीचा काळ वीस षटकांच्या स्पर्धेला आणि 2021 पासून सुरू झालेल्या शंभर चेंडूंच्या स्पर्धेला दिला गेला आहे. ही दुसरी स्पर्धा कसोटी सामन्यांच्या मोठ्या मैदानांवर होते. टाँटनला तीत स्थान नाही. तेथील उत्तम खेळाडू ऑगस्टमध्ये इतर शहरांच्या संघांसाठी खेळतात आणि कौंटीचे सभासद उरलेल्या संघाचे एकदिवसीय सामने पाहतात. 2023 च्या ऑगस्टमध्ये पृथ्वी शॉने नॉर्दम्प्टनशायरकडून 244 धावा कुटल्या, त्या सॉमरसेटच्या अशाच उरलेल्या संघाच्या गोलंदाजीवर. भारतातील वृत्तपत्रांत त्या खेळीचे मोठे कौतुक झाले. समोर कोण गोलंदाजी करीत होते, याची चौकशी फारशी कोणी केली नाही.

चार दिवसांच्या खेळाला उन्हाळ्याच्या दोन्ही कडांवर ढकलण्याचा परिणाम क्रिकेटच्या अंगभूत घडणीवर होतो, हे अधिक गंभीर आहे. एप्रिलमध्ये खेळपट्टीच्या पोटात हिवाळ्याची ओल शिल्लक असते, तिच्यावर हिरवे गवत असते आणि हवेत चेंडू वळवणारा दमटपणा असतो. ड्यूक्स चेंडूची उंच शिवण अशा खेळपट्टीवर टप्पा पडताच दिशा बदलते. मग ताशी पंचाहत्तर मैल वेगाचा साधा मध्यमगती गोलंदाजही भयंकर भासू लागतो आणि फिरकी गोलंदाज स्वेटरच्या बाह्यांत हात कोंबून सीमारेषेवर उभा राहतो. इंग्लंडला परदेशांतील कोरड्या, निर्जीव खेळपट्ट्यांवर बळी का मिळत नाहीत, याचे निदान करण्यासाठी समित्या नेमण्याची वस्तुतः गरज नाही. एप्रिलच्या कोणत्याही सामन्याचा धावफलक पुरेसा आहे.

सॉमरसेटच्या बाबतीत हा प्रश्न विशेष बोचरा ठरतो, कारण अलीकडच्या काळात फिरकीवर विसंबून अजिंक्यपदाचा पाठलाग करणारी ही कौंटी आहे. टाँटनची खेळपट्टी हंगामाच्या उत्तरार्धात अशी वळते की तेथील विनोदी लोकांनी आपल्या सफरचंदाच्या मद्याची, म्हणजे सायडरची, आणि हैदराबादची सांगड घालून तिला ‘सायडराबाद’ म्हणायला सुरुवात केली. 2019 च्या अखेरच्या सामन्यात इसेक्सविरुद्ध विजय अनिवार्य असताना या खेळपट्टीने चेंडू हवा तसा वळवला. पावसाने मात्र वेळ खाल्ला. सॉमरसेटने आपला दुसरा डाव सोडून देण्याचे साहस केले, पण सामना अनिर्णित राहिला, इसेक्स विजेते ठरले आणि वर खेळपट्टी निकृष्ट ठरवून सॉमरसेटला गुणकपातीची शिक्षा झाली. सव्वीस वर्षांहून अधिक काळ कौंटीची सेवा करून निवृत्त होणारा मार्कस ट्रेस्कॉथिक शेवटच्या काही मिनिटांसाठी बदली क्षेत्ररक्षक म्हणून मैदानात उतरला तो याच दिवशी. शिवणीला साथ देणारी हिरवी खेळपट्टी ‘खेळाडूंची परीक्षा पाहणारी’ आणि फिरकीला साथ देणारी मातकट खेळपट्टी ‘निकृष्ट’, हा न्याय इंग्लंडमध्ये नवा नाही. भारतातील खेळपट्ट्यांविषयी लिहितानाही तेथील काही लेखण्या हाच न्याय लावतात.

2024 च्या सप्टेंबरमध्ये याच मैदानावर जॅक लीच आणि अवघ्या अठरा वर्षांचा आर्ची व्हॉन या दोन फिरकी गोलंदाजांनी विजेत्या सरे संघाला शेवटच्या दिवशी, वेळ संपण्यास काही मिनिटे असताना गुंडाळले. टाँटनला पुन्हा एकदा स्वप्न पडले. पुढच्याच सामन्यात लँकेशायरने ते मोडले. त्याच हंगामात शोएब बशीर हा कसोटी संघातला ऑफस्पिनर सॉमरसेटच्या संघात जागा मिळत नाही म्हणून काही काळ वूस्टरशायरला उसना द्यावा लागला होता. एका संघात दोन फिरकी गोलंदाजांना सप्टेंबरात जागा होते. एप्रिल-मेमध्ये एकालाच कशीबशी मिळते. देशाचा पहिल्या पसंतीचा फिरकी गोलंदाज कौंटीत खेळायला मिळेल म्हणून वणवण करतो, हे चित्र वेळापत्रकाने निर्माण केलेले आहे.

एप्रिल म्हणजे केवळ गोलंदाजांचे राज्य, असेही अर्थात नाही. 2025 च्या हंगामातील पहिल्याच सामन्यात टॉम बँटनने टाँटनला वूस्टरशायरविरुद्ध 371 धावा काढल्या. ज्या खेळाडूची ओळख वीस षटकांचा फटकेबाज अशी होती, त्याने जस्टिन लँगरचा 342 धावांचा कौंटीचा विक्रम मोडला. या मैदानावर मोठे विक्रम पाहुण्यांनीच करायचे, असा जणू संकेत होता. 1895 मध्ये लँकेशायरच्या आर्ची मॅक्लॅरनने येथे 424 धावा केल्या, 1925 मध्ये सरेच्या जॅक हॉब्जने डब्ल्यू. जी. ग्रेस यांच्या 126 शतकांची बरोबरी आणि लगोलग त्यापुढची मजल येथेच गाठली, 1988 मध्ये वूस्टरशायरच्या ग्रॅहम हिकने नाबाद 405 केल्या. बँटनने त्याच वूस्टरशायरकडून जुन्या उधारीचा काही भाग वसूल केला म्हणायचा. मात्र एवढ्या धावांचा डोंगर रचूनही तो सामना सॉमरसेटला जिंकता आला नाही. वूस्टरशायरने दुसऱ्या डावात चिवट फलंदाजी करून तो अनिर्णित राखला. सोळा गुण हातचे गेले.

झटपट क्रिकेटमध्ये सॉमरसेटला यशाचे दुर्भिक्ष नाही. वीस षटकांची स्पर्धा त्यांनी 2005, 2023 आणि 2025 साली जिंकली. एकदिवसीय चषक 2019 मध्ये घेतला. रिचर्ड्स, बोथम, गार्नर यांच्या 1979 च्या संघाने तर 8 आणि 9 सप्टेंबर या लागोपाठच्या दोन दिवसांत दोन करंडक आणले होते. मग चार दिवसांच्या अजिंक्यपदासाठी एवढा जीव टाकण्याचे कारण काय, असा प्रश्न व्यवहारी मंडळी विचारू शकतात, आणि विचारतातही. 2025 साली अजिंक्यपदाचे सामने 14 वरून कमी करण्याचा प्रस्ताव कौंट्यांसमोर आला होता. त्याला आवश्यक तेवढी मते मिळाली नाहीत, म्हणून 14 ही संख्या टिकली. टाँटनसारख्या ठिकाणी घोंगड्या पांघरून, थर्मासमधला चहा पीत चार-चार दिवस बसणाऱ्या सभासदांचा आवाज तेवढ्यापुरता तरी ऐकला गेला.

हे सभासद पहिल्या सामन्याच्या सकाळी सेंट जेम्स चर्चच्या मनोऱ्याकडच्या बाजूला आपापल्या ठरलेल्या जागा घेतील. नाणेफेक जिंकणारा कर्णधार बहुधा क्षेत्ररक्षण घेईल, कारण एप्रिलमध्ये तसे न करण्याला धैर्य लागते. पहिल्या तासात स्लिपमध्ये किती झेल टिकतात, तळाचे फलंदाज बोनस गुणापर्यंत डाव नेतात की नाही, पाऊस कोणत्या सत्रात येतो आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, खेळपट्टी थोडीशी वाळली असेल तर, कर्णधार चेंडू फिरकी गोलंदाजाच्या हाती देतो की पुन्हा एकदा मध्यमगतीचाच आसरा घेतो, एवढ्याच गोष्टी पाहायच्या आहेत. सप्टेंबरमध्ये तक्ता मांडला जाईल तेव्हा या चार दिवसांचे गुण त्यात असतील किंवा नसतील.