आधी खरवडा, मग डांबर ओता

पावसाळा सरला की खड्ड्यांच्या बातम्यांची जागा डांबरीकरणाच्या बातम्या घेतात. किती किलोमीटर, किती कोटी, हे सगळे छापून येते. जुन्या थराचे काय करणार, हे मात्र येत नाही. खरी मेख तिथेच आहे.

जुना रस्ता दरवेळी उखडावा लागतोच असे नाही. आधी बघायचे ते भेगा कुठून आल्या. उन्हाने डांबर कडक होऊन वरच्यावर तडकले असेल, तर मिलिंग मशीनने ४०-५० मिलिमीटर खरवडून तेवढाच नवा थर पुरतो. पण चाकांच्या पट्ट्यात मगरीच्या पाठीसारखे जाळे उमटले असेल, तर दुखणे बहुधा खालच्या खडीत नाहीतर मातीत असते. अशा जागी वर कितीही डांबर चढवा, भेगा पुन्हा डोके वर काढतात. तिथे खोदायलाच हवे. नजर पुरत नसेल तर बेंकेलमन बीम आहे. मागच्या आसावर ८,१७० किलो भार असलेल्या ट्रकखाली रस्ता किती दबतो, हे त्यावर मिलिमीटरच्या अंशात कळते. इंडियन रोड्स काँग्रेसची १९९७ ची आयआरसी:८१ ही मार्गदर्शिका याच मोजणीवर बेतलेली आहे. महामार्गावर जुना थर तसाच ठेवून जाडी वाढवणे पुष्कळदा योग्यच ठरते, कारण जुने डांबरही भार पेलते आणि शेजारी कुणाचा उंबरठा नसतो.

शहरातल्या गल्लीत तो असतो! दर खेपेला दोन इंच धरले, तरी चार खेपांत आठ इंच झाले. फूटपाथची कड बुडते, चेंबरची झाकणे खड्ड्यात जातात आणि दुचाकीवाले त्यांत आपटतात. पाणी गटार सोडून तळमजल्यावरच्या दुकानात शिरते. तमिळनाडूत २०२१ साली तत्कालीन मुख्य सचिव इरै अन्बू यांनी जुना थर खरवडल्याशिवाय नवा टाकू नका, असे बजावले होते. असे बजावायला मुख्य सचिव लागावा, ही खरी गंमत.

सध्या व्हाइट टॉपिंगची हवा आहे. जुन्या डांबराचाच पाया करून वर १०० ते २०० मिलिमीटर काँक्रीट. रस्ता टिकेलही, पण तो चार ते आठ इंच उंच होणार, हे उद्घाटनाच्या भाषणात कुणी सांगत नाही.

मिलिंग महाग पडते, ही सबब अर्धीच खरी. खरवडलेली डांबरी खडी नव्या मिश्रणात पुन्हा वापरता येते. तुमच्या गल्लीत काम निघाले, तर वॉर्ड ऑफिसात अंदाजपत्रक मागा. त्यात मिलिंगची बाब नसेल, तर रोलर येण्याआधी लेखी हरकत नोंदवा.