ट्रेन आली, एसटी गेली!

मुंबईत शिकणाऱ्या विजयदुर्गच्या कुणालाही विचारा, 'गावाला पोचायला किती तास लागतात?' सरळ आकडा मिळणार नाही. उत्तर सुरू होतं ते असं: 'ट्रेन वेळेत आली आणि पुढे एसटी मिळाली तर...'

सगळा प्रवास या 'तर'वर अडलेला असतो. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली, पण रूळ गेले किनाऱ्यापासून बरेच आतून. त्यामुळे राजापूर, वैभववाडी किंवा कणकवलीला उतरायचं, बॅगा सावरत रिक्षाने स्टँड गाठायचा आणि विजयदुर्गची पाटी शोधायची. ट्रेन लेट झाली म्हणून एसटी थांबत नाही. थेट गाडी चुकली की मिळेल त्या गाडीने तळेरे, तिथून पुन्हा वाट बघणं. वाहतुकीचे अभ्यासक सांगतात, थांब्यावर ताटकळलेला वेळ प्रवाशाला गाडीतल्या वेळेच्या साधारण दुप्पट वाटतो. रात्रभर ट्रेनमध्ये बसून कंटाळा येत नाही तेवढा स्टँडवरच्या एका तासात येतो, तो यामुळेच!

आजोबांच्या पिढीने इथे आगबोटीतून प्रवास केला. बोटीतून पडावात उतरायचं, मग धक्का. बोट लागलेल्या माणसाला ती कसरतच. पण पडाव होते बोटीच्या उतारूंसाठीच. बोटीला उशीर झाला म्हणून ते निघून जात नसत.

आता पुन्हा समुद्राची चर्चा आहे. मुंबई ते विजयदुर्ग रो-रो बोट साधारण पाच तासांत, अशी घोषणा २०२५ मध्ये झाली. ऐकायला भारीच! पण रो-रोमध्ये स्वतःची कार घेऊन येणारा धक्क्यावरून थेट घरी जाईल. पाठीवर सॅक घेऊन उतरलेल्या विद्यार्थ्याने गिर्ये, पडेल, वाघोटण कसं गाठायचं? धक्क्यावर एसटी नसेल, तर ताटकळणं कणकवलीहून विजयदुर्गला आलं, एवढंच.

उपाय शोधायला परदेशात जायला नको. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या काही लाँचच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस असते. लाँच लागते, बस उभी असते. विजयदुर्गात तर एसटीचं आगारच आहे. बोटीचं असो वा ट्रेनचं, वेळापत्रक समोर ठेवून दोन गाड्या सोडल्या, तरी तो 'तर' निम्मा होईल.

सुट्टी चार दिवसांची असते. त्यातला अर्धा दिवस स्टँडवर का जावा?