खजाना विहिरीचे रहस्य

बीड शहराच्या दक्षिणेस सुमारे ६ किलोमीटरांवर ‘खजाना विहीर’ या नावाची एक प्राचीन विहीर आहे. मुर्तजा निजामशहाच्या कारकीर्दीत बीडचा जहागीरदार सलाबतखान याने हिजरी सन ९९१ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८३ च्या सुमारास, ती बांधविली. राजा भास्कर हा तिचा स्थपती होय. दुष्काळात हिचे पाणी उतरत नाही व पावसाळ्यात चढत नाही, अशी हिची ख्याती. सरकारी खजिना हिच्या बांधणीत खर्ची पडला म्हणून हे नाव पडले, असे लोक सांगतात.

यास दैवी चमत्कार मानणारे भाविक पुष्कळ आहेत. परंतु स्थपतीची कल्पकता समजून घेतली, तर आमचे कौतुक कमी न होता वाढतेच.

सामान्य विहीर पाण्याच्या शोधार्थ खाली जाते. येथे पाणीच विहिरीकडे चालत येते. हिच्या तळाशी तीन भुयारी कालवे आहेत. दोहोंतून पाणी आत येते आणि तिसऱ्यातून बाहेर पडून शेतीस मिळते. हौदाच्या भिंतीस भोक ठेविले असता पाणी त्या भोकावर चढत नाही, आणि आवक चालू असेतोपर्यंत त्याखाली उतरतही नाही. पातळी स्थिर राहण्याचे मर्म हेच.

मग उन्हाळ्यात आवक कोठून होते? दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा बनलेला आहे. भेगाळ व मुरमाड थरांत मुरलेले पाणी खालच्या अभंग थरावर थबकते आणि उताराकडे अतिशय मंद गतीने झिरपते. आषाढ-श्रावणातील पाऊस असा चैत्र-वैशाखापर्यंत पुरविला जातो. भूमी हीच येथे कोठार झाली.

ही विद्या मूळ इराणकडील. तेथे अशा भुयारांस ‘कनात’ म्हणतात. आपल्या तंबूची कनात ती निराळी. मलिक अंबराने औरंगाबादेस आणलेली नहर व बुऱ्हाणपूरचा १६१५ चा कुंडी भंडारा ही याच कुळातील कामे होत. पुण्याच्या वाचकांस पेशव्यांच्या कात्रजच्या नळाचे उच्छ्वास ठाऊक असतील. त्याचे पाणी तलावाचे, परंतु उताराने भुयारातून नेण्याची युक्ती तीच.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेल्या बीड जिल्ह्यास १९७२ सारख्या दुष्काळांचा अनुभव आहे. तेथे या विहिरीचा धडा मोलाचा आहे. भुयारास मोटही नाही आणि पंपही नाही. भूमी जितके देईल तितकेच ते घेते. आजच्या विंधनविहिरीस हा संयम नाही. ती शेकडो फूट खोल जाऊन साठविलेले पाणी उपसते. आणि भूजलाची पातळी भुयाराखाली गेली, की उत्तमातील उत्तम भुयारही कोरडे पडावयाचे. तेव्हा विहिरीचे बांधकाम जतन करून भागणार नाही. जेथे तिचे पाणी मुरते तो सभोवारचा मुलूखही राखिला पाहिजे. सलाबतखानाचा खरा खजिना विहिरीत नसून त्या मातीत आहे.