‘इडियट’ म्हणण्यापूर्वी...

रायपूरच्या तात्यापारा भागातील एक मराठी घर. कॅरमचा डाव रंगात आला होता. आतेभावाच्या हातून स्ट्रायकर भलतीकडेच गेला आणि आठवीतला नातू ओरडला, ‘‘इडियट! एवढंही कळत नाही?’’

आतेभाऊ हसला. जन्मापासून बौद्धिकदृष्ट्या मागे असलेल्या त्या मुलाला शब्द कळला नव्हता. त्याच्या आईचा चेहरा मात्र उतरला.

‘‘इडियट म्हणजे काय रे?’’ आजींनी विचारले.

‘‘काही नाही गं आजी, सगळेच म्हणतात!’’

सगळेच म्हणतात, हे खरे. पण या शब्दाचा इतिहास किती जणांना ठाऊक असतो?

ग्रीक भाषेतील ‘इडिओटेस’ हा त्याचा मूळ शब्द. अर्थ अगदी साधा: सार्वजनिक पद नसलेला, खासगी माणूस. पुढे त्याचा अर्थ ‘अडाणी’ असा झाला आणि लॅटिन व फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला, तो ‘मूर्ख’ या अर्थाने.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर तो डॉक्टरांच्या वहीत जाऊन बसला. ज्याचे मानसिक वय दोन वर्षांपलीकडे जात नाही तो ‘इडियट’, तीन ते सात वर्षांचे असेल तो ‘इम्बेसाइल’. त्यावरच्या, म्हणजे आठ ते बारा वर्षांच्या गटासाठी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हेन्री गॉडर्ड यांनी १९१० मध्ये ‘मोरॉन’ हा नवा शब्द घडवला. आज मुले ज्या शिव्या सहज देतात, त्या एकेकाळी आजारी किंवा असहाय माणसांच्या कपाळी मारलेल्या चिठ्ठ्या होत्या.

आपल्या देशातही हेच होते. १९१२ च्या वेडेपणासंबंधीच्या कायद्यात वेड्याच्या व्याख्येतच ‘इडियट’ हा शब्द होता. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो जुना कायदा मोडीत काढला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार तर दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केल्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

दोष काही फक्त इंग्रजीचा नाही. छत्तीसगढीत भोळसट माणसाला ‘लेडगा’ म्हणतात, तर मराठीत अभ्यासात मागे पडणारा ‘ढ’ ठरतो. ब्राह्मी लिपीपासून ‘ढ’ या अक्षराचे वळण फारसे बदलले नाही, म्हणून जो पुढे सरकत नाही तो ‘ढ’, असे गमतीने सांगतात. पण ज्याला म्हणतात, त्याला त्यात गंमत वाटत नाही.

मुले हे शब्द शाळेत शिकतात, असे म्हणून आपण हात झटकतो. दूध उतू गेले, स्कूटर आडवी आली की आपल्या तोंडून काय निघते, ते आठवून पाहा. राग आला तर चुकीवर बोलावे, माणसावर नाही. ‘खेळी चुकली’ म्हटल्याने डाव सुधारतो. ‘मूर्ख आहेस’ म्हटल्याने फक्त मन दुखावते.

आजींनी नातवाला रागावले नाही. शब्दाचा अर्थ तेवढा समजावून सांगितला. नातू थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने स्ट्रायकर आतेभावाच्या हातात ठेवला आणि म्हणाला, ‘‘दादा, पुन्हा मार. मी दाखवतो कसं ते.’’

आत्याने पदराने डोळे टिपले.