जमीन विकण्यापूर्वी

झाडावरून किंवा मोटारसायकलवरून पडून मणका मोडलेल्या रुग्णाचे नातेवाईक मला हटकून विचारतात, “डॉक्टरसाहेब, चालवणारे यंत्र निघाले आहे म्हणे. जमीन विकू, पण आमचा पोरगा चालेल ना?” उत्तर देण्यापूर्वी मी पाहतो ते एवढेच, की इजेच्या खाली, विशेषतः गुदद्वारापाशी, स्पर्श किंवा हालचाल शिल्लक आहे काय.

मेंदूचे हुकूम पायांपर्यंत मज्जारज्जूतून जातात. तो पूर्ण निकामी झाला असेल तर यंत्र त्याला सांधू शकत नाही. काही तंतू शाबूत असतील, तर मात्र सरावाचा उपयोग होतो. कारण चालण्याची लय सांभाळणारे चेतापेशींचे जाळे कमरेजवळच्या मज्जारज्जूतच असते. वारंवार पावले टाकल्याने ते जागे होते.

स्वित्झर्लंडमध्ये विकसित झालेल्या ‘लोकोमॅट’ यंत्रात रुग्णाला पट्ट्यांनी उचलून धरतात. खाली सरकता पट्टा फिरतो आणि मोटारी त्याचे खुबे व गुडघे लयीत हलवतात. रुग्णाने स्वतःही जोर लावायचा. नुसते लोंबकळून फायदा नाही.

पण यंत्र म्हणजे जादू नव्हे. अमेरिका व कॅनडातील रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात यंत्राऐवजी माणसे पाय हलवीत होती. असा पट्ट्यावरचा सराव आणि जमिनीवरचा नेटाचा सराव, दोन्हींनी चालणे सारखेच सुधारले.

म्हणून माझे सांगणे असे, की जमीन राहू द्या. दर दोन तासांनी कूस बदला, लघवीची काळजी घ्या आणि व्यायाम आजच सुरू करा. शय्याव्रण चिघळलेल्या रुग्णाला कोणतेच यंत्र उभे करू शकत नाही.